टायमकीपरची झोप

एक माणूस झोपलाय म्हणून अख्ख्या घराने उपाशी बसायचं, ही रीत मी डिचोलीत पहिल्यांदा बघितली. तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मी गडहिंग्लजकडची. आमच्याकडे भर दुपारी कोणी आडवं दिसलं तर शेजारीण विचारते, काय, कणकण आहे काय अंगात? इथे आले तर एक वाजला की बाजारातली शटरं धडाधड खाली. बँकेच्या पायरीवर कुत्रं, कुत्र्याशेजारी वॉचमन, दोघेही गार. ते एक वेळ चालेल म्हटलं. ज्याचं त्याचं गाव, ज्याची त्याची झोप. पण आमच्या घरमालकांनी झोपेचं जे प्रस्थ माजवलं होतं, त्याला अख्ख्या गोव्यात तोड नसावी.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. पहिली पाळी करून दुपारी खोलीवर यायचे तेव्हा पोटात कावळे ओरडत असायचे. पहिल्याच दिवशी कुकर लावला. शिट्टी व्हायच्या आत घरमालकीणकाकी परसातून धावत आल्या, पदराने धरून कुकर उचलला आणि थेट विहिरीच्या कडेला नेऊन ठेवला.

"बाय, शिट्टी नाका," त्या कुजबुजल्या. "ते गेलेत."

माझ्या हातातली पळी गळाली. "अगं बाई. कधी?"

"आताच. जेवून."

आतून घोरण्याचा आवाज येत होता.

तर असे ते जायचे. रोज. जेवून, हात धुऊन, आणि पोदेर यायच्या वेळेपर्यंत परत यायचे. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. दिवस कलायला लागला की रबरी हॉर्न पोंय-पोंय वाजवत तो आमच्या रस्त्याने यायचा. तो येईपर्यंत घरात कुकर नाही, मिक्सर नाही, नारळ फोडायचा नाही, विहिरीत कळशी सोडायची नाही. शेजाऱ्याचा कोंबडा एकदा भलत्या वेळी आरवला, तर संध्याकाळी हे त्याच्या दारात उभे. म्हणाले, एक तर तेका घड्याळ शिकव, नाय तर शागुती कर. देवळातल्या जत्रेच्या आधी लाऊडस्पीकर बांधला तेव्हा कमिटीशी भांडून आले. कमिटीतले लोक हसले आणि कर्णा दुसऱ्या झाडावर बांधला, कारण ह्यांना सगळे ओळखून होते.

उंच, काटकुळे, खाकी हाफ पँट, आणि शर्टाच्या खिशाला घरातसुद्धा दोन पेनं. खाणीवर गेटपाशी बसून ट्रकांच्या वेळा घ्यायच्या, कुठला ट्रक किती वाजता भरून गेला, किती वाजता रिकामा आला, हे त्यांचं काम. आयुष्य त्यात गेलं. खाण बंद पडायच्या थोडं आधी रिटायर झाले, पण सगळी आळी त्यांना टायमकीपरच म्हणायची. बोलणंही सगळं ट्रकांचं. बाजारात जाऊन येणं म्हणजे ट्रिप. दुसऱ्यांदा चहा मागायचा तर, "गो, आणखी एक ट्रिप." मी खोली बघायला गेले तेव्हा भाडं, डिपॉझिट काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "दुपारची घरात आसतलंस?" मला वाटलं चौकशी करतात. मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय.

झोपायच्या आधीचा त्यांचा सोहळा बघण्यासारखा होता. चटई टाकायची काकींनी. उशीवर धुतलेला पंचा घालायचा काकींनी. मग हे मनगटावरचं घड्याळ सोडायचे. खाणीने निरोपाला दिलेलं घड्याळ. ते काकींच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "येतंय गो."

"येवा," काकी म्हणायच्या. आणि घड्याळ मुठीत धरून उंबऱ्याशी पाटावर बसायच्या. तांदूळ निवडायच्या, पण सुपात नाही. सूप वाजतं. मांडीवर फडक्यात निवडायच्या. पोदेराचा हॉर्न वाजला की हे उठायचे. हॉर्नला उशीर झाला तर काकींनी घड्याळ बघून खांद्याला हात लावायचा. पण हाताने उठवलेलं त्यांना आवडायचं नाही. तोंड पाडून बसायचे. म्हणायचे, निरोप न घेता येवचा लागला.

कुठून निरोप, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की हे रोज दुपारी सासुरवाडीला जातात.

म्हणजे काकींच्या माहेरी. स्वप्नात. रोज तेच घर, तीच वाडी, आणि काल जिथे सोडलं तिथून पुढे नाही, तर दर वेळी नव्याने एक अख्खं वर्ष. उठले की चहाबरोबर बातम्या सुरू. "आज गेलंय तेव्हा लावणी चालू होती. निघालंय तेव्हा मळणी जावन भात कणगीत पडलला. तुझ्या आवशीन चवथीक पातोळे केल्यान. हळदीच्या पानांचो वास अजून हाताक आसा, बघ." आणि खरंच हात पुढे करायचे.

काकी हाताचा वास घ्यायच्या नाहीत. कपबशी पुढे सरकवायच्या आणि रोज एकच प्रश्न विचारायच्या. "झरीक पाणी आसा?"

"आसा गो. भरपूर."

तेवढं ऐकलं की त्या उठून कामाला लागायच्या.

मला आधी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. दोन-अडीच तासांच्या झोपेत वर्ष कसं मावतं, हे त्यांना विचारलं तर ते खुलायचे. सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या बांधीव बाकावर, मला बसवून सांगायचे. "जाग्या माणसाचो दीस सगळो वाट बघण्यात जाता. बसीची वाट बघ, भात शिजण्याची वाट बघ, पगाराची वाट बघ. सपनात वाट बघणाच नाय. रोप लावला की पीक तयार. डोंगरार जावचा म्हटला की पावललंय. मधला सगळा गाळून टाकलला आसता. म्हणून थंय वरस इतक्या बेगीन सरता."

आणखी एक कोडं त्यांना पडलेलं होतं, ते तर दर आठवड्याला ऐकवायचे. पोदेराचा हॉर्न वाजला की स्वप्नात डिचोलीला येणाऱ्या बसचा हॉर्न वाजतो. तो ऐकून हे निघतात. पण हॉर्न वाजायच्या कितीतरी आधी सासूबाई पिशवीत नारळ भरायला लागतात, नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळायला घेतात. "हॉर्न मागसून, तयारी आदी. पोदेर अजून बाजारातसून निघाक नाय आनी ही थंय नेवऱ्यो तळता. तिका कसा कळता, सांग."

मी म्हटलं, "तुम्हीच झोपेत घड्याळ बघत असणार. टायमकीपरचं हाड ते."

पण मलाही तसा अनुभव आला होता. पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या डुलकी लागली. त्यात चुलतबहिणीचं लग्न ठरलं, बस्ता झाला, हळद झाली, वरातीत जावयाचा रुसवा झाला आणि शेवटी मांडवाचा खांब धाडकन पडला. डोळे उघडले तर शेजारणीच्या हातून खोकं पडलं होतं. पडून अजून गडगडत होतं. खोक्याचा आवाज शेवटी, आणि बस्ता त्याच्या आधी. तो कुठून आला? हे काकांना सांगितलं तर इतके खूश झाले की झाडाची केळी काढून दिली. चार दारं फिरून माझं स्वप्न सांगून आले. कुकरला मात्र परवानगी दिली नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा काकींबरोबर वाळपईला निघाले. त्यांच्या नात्यात कोणी आजारी होतं. बस डिचोली सोडून पुढे गेली, एक वळण आलं, आणि खिडकीशी बसलेल्या काकींनी मान फिरवून माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मला वाटलं बस लागली. लिंबू काढून दिलं. त्यांनी लिंबू हातात धरून ठेवलं आणि वळण गेल्यावर सरळ बसल्या.

"थंय माझा म्हायार," त्या म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं. डोंगर अर्धा होता. लाल भिंत, तिच्या खाली खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी, आणि तारेच्या कुंपणाला आत येऊ नका म्हणून पाटी.

वाळपईहून येताना त्यांनी सगळं सांगितलं. पाच-सहा घरांची वाडी. पोफळींची बाग, म्हणजे कुळागर, आणि त्याला बारमाही पाणी देणारी झर, डोंगरातून येणारी. खाण आली, आधी झर आटली, मग पोफळी सुकल्या, मग घरं रिकामी झाली, मग डोंगरच गेला. कंपनीने जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी दिली. काकींचा भाऊ तेव्हा दुबईला होता. म्हणून त्या घराची नोकरी जावयाला मिळाली. तोपर्यंत हे जावईबापू बाजारात दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजत होते. ते टायमकीपर झाले. सासऱ्याचा डोंगर ट्रकांतून जाताना गेटवर खुर्ची टाकून ह्यांनी वेळा घेतल्या.

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेर हिचं गेलं, नोकरी ह्याला लागली, आणि वर स्वप्नही ह्यालाच पडतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो ह्याहून वेगळा काय असतो? सासूच्या हातचे पातोळे हा खातो, आणि जिची आई ती उंबऱ्याशी पाटावर बसून ह्याच्या घड्याळाची राखण करते. वाट बघणं गाळून टाकलेलं असतं म्हणे. गाळलेलं जातं कुठे? ते सगळं काकींच्या पाटावर पडत होतं.

मी घरी आल्या आल्या काकांना गाठलं. "काका, माहेर काकींचं. एक दिवस त्यांना जाऊ द्या की. तुम्ही बसा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी ट्रकच उलटा घातला. "ती जायत तर तिका वेळार उठवतलो कोण? तुका खबर नाय बाय. ह्या काम सोपा नाय."

"उठवायला काय लागतं? हात लावायचा."

"तसा न्हय गो," काकीच आतून म्हणाल्या.

मग त्यांनीच मला समजावलं. स्वप्नातला काळ थांबत नाही. वेळेवर उठवलं तर वर्ष पुरं होतं आणि हे बसने परत येतात. पण नाही उठवलं तर वर्षांमागून वर्षं धावतात. आणि मग कधीतरी खाणीचं वर्ष येतं. रिटायर झाले तेव्हा एकदा तापात असं झालं होतं, स्वप्नात ट्रक दिसले होते. तेव्हापासून हा नेम. खाण यायच्या आत उठवायचं. म्हणून घड्याळ, म्हणून पाट, म्हणून कुकर नाही.

"मी जागी रवतंय म्हणून माझा घर थंय उभा आसा," काकी म्हणाल्या. "नाय तर कधीच पडला आसता."

राग तर होताच. पण ज्या माणसाला तो यायला पाहिजे ती बाई शांतपणे मांडीवर तांदूळ निवडत होती. मी खोलीत जाऊन कालच्या पावाला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली.

चवथीच्या आधीच्या आठवड्यातली ती दुपार मला नीट आठवते. काकी पहाटेपासून राबत होत्या. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची माटोळी असते, तिची लाकडी चौकट पुसून, धुऊन, उभी केलेली. भिंती झाडलेल्या. अंगात ताप होता, तरी हूं की चूं नाही. पाळी संपवून मी आले, दारातून बघितलं तर आत चटईवर काका घोरतायत, आणि उंबऱ्याशी पाटावर काकी. डोकं चौकटीला टेकलेलं. घड्याळ मुठीतून सुटून मांडीवर आलेलं. त्यांनाही झोप लागली होती.

मी त्यांना उठवलं नाही. मुद्दाम उठवलं नाही, आणि आजही तसंच करीन. चप्पल हातात घेऊन खोलीत गेले.

त्या दिवशी पोदेर आला नाही. त्याच्या भट्टीची भिंत पावसात ढासळली होती, असं मागाहून कळलं. हॉर्न वाजला नाही, ऊन उतरलं, ढग भरून आले, आणि अंधारून यायला लागलं तेव्हा काका ओरडत उठले.

मी धावत गेले. चटईवर उठून बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. काकी दचकून उभ्या राहिलेल्या, घड्याळ खाली पडलेलं. काका तुटक तुटक बोलत होते. आधी तुळशीवर लाल धूळ दिसली. मग कोणी म्हणालं झर आटली. सासूबाई रिकामी घागर घेऊन परत आल्या. मग घरातली माणसं एकेक करून बसमध्ये चढली, आणि पोफळी आडव्या झाल्या, आणि ट्रक आले. एकामागून एक. "गेटार एक मनीस बसललो. मी तेका सांगूक गेलंय की सोडू नको रे ट्रक. तेणां मान वर केली. मीच होतंय."

मला वाटलं, आता तरी ह्या माणसाला कळलं. आता तरी रडेल.

तो काकींकडे वळला. "तुझो डोळो लागलो," म्हणाला. "तुझो डोळो लागलो आनी वाडी गेली. तुका इतक्या एक काम दिलला."

चोराच्या उलट्या बोंबा आयुष्यात पुष्कळ ऐकल्या. ही ऐकून मी पुढे झाले होते, तोंडावर आलेलं सगळं बोलून टाकणार होते. काकींनी मला हाताने मागे केलं. तापाने त्यांचे डोळे लाल झाले होते. आवाज चढला नाही.

"पयल्यांदा गेली तेव्हा माझो डोळो लागललो?" त्या म्हणाल्या. "तेव्हा जागो कोण होतो? गेटार खुर्ची टाकून कोण बसललो? माझ्या बापायची पोफळ, माझ्या आवशीची चूल, आमच्या झरीची माती ट्रकात भरून गेली. तुमी हात दाखवून ट्रक सोडलात. तेव्हा कोणाक न्हीद येवक नाय."

काकांनी उशीवरच्या पंच्याने तोंड पुसलं. म्हणाले, "नोकरी होती."

"होती. तीव माझ्याच म्हायारची."

एवढं बोलून त्यांनी घड्याळ उचललं, पदराने पुसलं आणि त्यांच्या उशीवर ठेवलं. मी खोलीत गेले आणि कुकर लावला. भाताला एक शिट्टी पुरते. मी चार काढल्या.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, त्यामुळे पुढचं समोर बघायला मिळालं. जेवणं झाली. काकांनी सवयीने घड्याळाच्या पट्ट्याला हात घातला. काकी चटई टाकत होत्या.

"ता रवांदी मनगटार," त्या म्हणाल्या. "आज मी जातंय. तुमी बसा."

काकांना क्षणभर समजलंच नाही. मग म्हणाले, "तुका वाट गावतली?"

"माझ्या म्हायारची वाट तुमी माका विचारतास?"

पंचा झटकून उशीवर घातला, कुशीवर वळल्या आणि निजल्या. कोणी कोणाला येतंय म्हटलं नाही की येवा म्हटलं नाही. काका उभे होते, मग पाटावर बसले. त्यांना पाटावर बसायची सवय कुठे? गुडघे हनुवटीपर्यंत आले. थोड्या थोड्या वेळाने घड्याळ बघायचे, ते बंद तर पडलं नाही म्हणून कानाला लावायचे, पुन्हा बघायचे. उठून दारात यायचे, पोदेराच्या रस्त्याकडे बघायचे, परत बसायचे. मी सोप्यावर पेपर घेऊन बसले होते, वाचत काही नव्हते. मला ते दृश्य सोडवत नव्हतं.

"बाय," त्यांनी हळूच विचारलं, "दुपार इतकी लांब आसता?"

"असते," मी म्हटलं. "काकींना विचारा."

हॉर्न वाजला तेव्हा ते धडपडत उठले. चटईपाशी वाकले, पण हात लावला नाही. "गो," म्हणाले, "बस इली."

काकी उठून बसल्या. केस बांधले. काकांना दम कुठला. "पावलंस? आवशी भेटली? झरीक पाणी आसा?"

काकींनी चटईची गुंडाळी केली, भिंतीला उभी केली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाल्या, "माझा म्हायार ता. तुमका कित्याक सांगू?"

त्यानंतर रोज तसंच. घराचे नियम तेच राहिले, फक्त आता ते काकींच्या झोपेसाठी होते आणि राखण करणारा पूर्वीपेक्षा कडक होता. माझं स्टीलचं ताट एकदा हातून सटकलं तर काका दारात येऊन माझ्याकडे बघत राहिले. रोज बस इली म्हणायचे, रोज विचारायचे, आणि रोज काही कळायचं नाही. आधी अधीर होऊन विचारायचे, मग काकुळतीला येऊन. रात्री झोपून बघितलं त्यांनी, पण रात्री ती वाडी त्यांना कधी दिसली नव्हती, दिसलीही नाही. मला गाठून म्हणायचे, "तुका तरी सांगता काय ती? इतक्याच विचार, पाणी आसा काय."

मी विचारलं. आम्ही दोघी परसात चिंचा सोलत होतो. काकी हसल्या. मग हसू गेलं.

"काय सांगू गो? काय दिसणा नाय. काळोख. इतक्या वरसांची न्हीद तुंबलली आसा, ती सगळी आता येता. तेच्यात सपनाक जागो खंय?" चिंचोका बाजूला टाकून म्हणाल्या, "तेंका सांगू नको."

मी विचारात पडले. म्हणजे आता तिथे दुपारी कोणीच जात नव्हतं. ती वाडी जगात एकाच ठिकाणी उरली होती, ह्या माणसाच्या झोपेत, आणि तिथेही आता दार लागलं होतं. मी म्हटलं, "काकी, मग त्यांनाच जाऊ देत की परत. निदान कोणीतरी जाईल."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आनी मी बसू?"

खरा संताप मला ह्याचाच येतो. एक डोंगर गेला, आणि त्याच्यापायी ही दोन म्हातारी माणसं एका चटईवरून भांडत बसली, की कोणी निजायचं आणि कोणी जागायचं. ज्यांनी तो खड्डा केला ते त्यांच्या त्यांच्या घरी पंख्याखाली दुपारचे खुशाल घोरत असतील. त्यांना काही दिसत नसेल, आणि त्यांच्यासाठी उंबऱ्याशी कोणी घड्याळ धरून बसत नसेल. पण त्यांच्या दारात जाऊन शिट्टी वाजवायची सोय नाही. मी आपली चिंचांवर राग काढला.

पुढे ती नोकरी सुटली, मी गडहिंग्लजला परत आले. मागच्या वर्षी कामासाठी डिचोलीला गेले तेव्हा मुद्दाम दुपारचीच त्यांच्याकडे गेले. बाजारात सगळ्यांच्या तोंडी एकच, खाणी परत सुरू होणार. रस्त्यावरून ताडपत्री बांधलेले ट्रक जातानाही दिसले.

काका सोप्यावर बसले होते. आणखी वाळलेले. मनगटावर घड्याळ होतं, पट्टा शेवटच्या भोकात बसवलेला. मला बघून आनंदले, पण आधी तोंडावर बोट ठेवलं. "गेल्या त्या," कुजबुजले. आता ते काकींबद्दल बोलताना अहोजाहो करत होते, हे मला नवीन होतं. शेजारी बसवून त्यांनी विचारलं, भात तरी खाल्लंस काय, आणि लगेच विचारलं, तुका कधी काय सांगितल्यानी काय. मी मान हलवली. नाही म्हणून. काळोख दिसतो हेही सांगितलं नाही आणि पाणी आहे असं खोटंही सांगितलं नाही. माझ्या रागाला त्यातलं काहीच बोलवेना.

रस्त्याच्या टोकाला पोंय-पोंय झालं. काका उठले, मी मागोमाग दारापर्यंत गेले. काकी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. काका वाकले.

"गो, बस इली."

काकी हलल्या नाहीत. "जावंदी," म्हणाल्या.

"जावंदी कशी?" काका म्हणाले. "बस गेली तर मागसून ट्रक येतले."

काकींनी डोळे उघडले नाहीत. पंचा गालाखाली नीट ओढून घेतला.

"येवंदी ट्रक," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेक गेटार तुमी नाय."

काका सरळ झाले. मग त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.